क्रेडिट रिपोर्ट खराब आहे, मग वीज-गॅसची कंपनी बदलायची कशी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या नर्स आहेत, २०२२ मध्ये नोकरीच्या व्हिसावर आल्या. यजमान गेल्या वर्षी आले, बाळ चौदा महिन्यांचं आहे आणि दिवाळीनंतर सासूबाई सहा महिन्यांसाठी यायच्या आहेत. लेस्टरला येण्याआधी बर्मिंगहॅमला त्या आणखी दोन मैत्रिणींबरोबर राहत होत्या, विजेचं खातं एकट्या यांच्या नावावर होतं. जून २०२३ मध्ये घर सोडलं. शेवटचं २१४ पौंडांचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं, कोणी कळवलं नाही आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर (उधारी आणि बिलं कशी फेडली, त्याच्या नोंदवहीत) डिफॉल्टची, म्हणजे पैसे थकवल्याची, नोंद झाली. आता भाड्याच्या घरात स्मार्ट मीटर (रीडिंग आपोआप कंपनीला पाठवणारं) आहे. आधीच्या भाडेकरूची कंपनीच पुढे चालू आहे आणि दर तीन महिन्यांनी येणारं बिल त्या हाताने भरतात. चालू १४० पौंडांचं बिल येऊन तीन आठवडे झालेत, अजून भरलेलं नाही. हिवाळ्याआधी स्वस्त फिक्स्ड दर (ठरलेल्या मुदतीत न बदलणारा) मिळावा म्हणून दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला, तर उत्तर आलं की क्रेडिट तपासणीत बसत नाही, २५० पौंड ठेव भरा किंवा प्रीपेमेंट (आधी पैसे भरून मग वापरायची पद्धत) घ्या. घरी आधीच्या भाडेकरूच्या नावाने वसुलीची पत्रंही येतात, त्यामुळे हा पत्ताच काळ्या यादीत असावा अशी त्यांना शंका आहे. त्या लिहितात, "माझे वडील एमएसईबीत वायरमन होते. थकबाकीदारांची लाइन कापायला जायचे. आज माझ्याच नावापुढे थकबाकी लागली. आम्हाला आता कोणीच घेणार नाही. खातं यजमानांच्या नावावर करून टाकावं का?"

उत्तर

"कोणीच घेणार नाही" हे तुमचं वाक्य आधी बाजूला ठेवू, कारण ते खरं नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये घरगुती ग्राहकाने वीज किंवा गॅस मागितला, तर कंपनीला त्याला काही ना काही अटींवर करार द्यावाच लागतो. ऑफजेम या नियामक संस्थेने दिलेल्या परवान्यातच ती अट आहे. (उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथल्या वाचकांनी हे नियम जसेच्या तसे धरू नयेत.) क्रेडिट रिपोर्ट बघून कंपनी एवढंच ठरवते, की तुमच्याकडून पैसे वापराच्या आधी घ्यायचे की नंतर, आणि नंतर घ्यायचे तर ठेव मागायची का. एखादा विशिष्ट फिक्स्ड दर ती नाकारू शकते, पुरवठा नाही. तुम्हाला आलेलं उत्तर पुन्हा वाचून बघा. त्यात नकार नाही, दोन अटी आहेत.

कंपनी बदलणं खरोखर अडवू शकते ती नवी कंपनी नव्हे, तर आत्ताची. आणि तीही क्रेडिट स्कोअर बघून नाही, स्वतःची थकबाकी बघून. बिल थकून २८ दिवस झाले नसतील, तर ती बदल थांबवू शकत नाही, ती रक्कम शेवटच्या बिलात येते. २८ दिवस उलटले की पैसे भरेपर्यंत ती हरकत घेऊ शकते. तुमच्या १४० पौंडांच्या बिलाला तीन आठवडे झालेत, म्हणजे हातात जेमतेम एक आठवडा आहे. म्हणून पहिलं काम तेच: हे बिल या आठवड्यात भरा. बर्मिंगहॅमच्या २१४ पौंडांपेक्षा आज हे १४० पौंड जास्त महत्त्वाचे आहेत. बर्मिंगहॅमची कंपनी लेस्टरच्या मीटरवर हरकत घेऊच शकत नाही. ती फक्त तुमच्या रिपोर्टवर दिसते. तुम्ही नेमक्या त्याच कंपनीकडे परत गेलात, तर मात्र जुन्या बाकीची विचारणा होणार हे धरून चाला.

काळ्या यादीतल्या पत्त्याचं म्हणाल, तर अशी यादीच नाही. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही संस्था नोंदी ठेवतात त्या माणसाच्या, घराच्या नाही. आधीचा भाडेकरू कितीही बुडवून गेला असला तरी त्याचा डाग तुम्हाला लागत नाही. एका छताखाली राहिल्याने कोणाचा रिपोर्ट कोणाशी जोडला जात नाही, जॉइंट खातं किंवा एकत्र कर्ज असेल तर जोडला जातो. त्याच्या नावाची पत्रं मात्र कचऱ्यात टाकू नका. त्यावर 'या पत्त्यावर राहत नाही' असं लिहून परत पाठवा. आणि आत्ताच्या वीज कंपनीला तुमच्या भाडेकराराची प्रत व राहायला आलात त्या दिवसाचं मीटरचं रीडिंग एकदा ईमेलने द्या, म्हणजे त्याचं आणि तुमचं खातं कायमचं वेगळं होईल. 'द ऑक्युपायर' (इथे राहणाऱ्यास) म्हणून आलेलं पत्र मात्र नक्की उघडून वाचा. ते तुमच्याच वापराचं असू शकतं.

आता त्या डिफॉल्टकडे येऊ. तुम्ही ती नोंद खरीच आहे असं गृहीत धरून बसला आहात, आणि मला तिथेच थोडं थांबावंसं वाटतं. पत्रात कुठेही असं नाही, की ते बिल तुम्ही पाहिलंय. रक्कम माहीत आहे ती रिपोर्टवरून. शेवटचं बिल अनेकदा अंदाजे रीडिंगवर निघतं, आणि घर सोडताना रीडिंग कळवलं नसेल तर अंदाज चढा असू शकतो. समजा, कंपनीने शेवटचं रीडिंग ८४१२ धरलं आणि खरं होतं ७९०५. फरक ५०७ युनिटचा. तेव्हाच्या ३३ पेन्सच्या आसपासच्या दराने हेच १६७ पौंड होतात. म्हणजे २१४ मधले खरे देणे ४७ पौंडच. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल असं नाही, पण बघितल्याशिवाय कळणार नाही.

ते खरं रीडिंग आता कुठून आणायचं? घर सोडताना लेटिंग एजंट चेक-आउट रिपोर्ट करतो, त्यात बहुतेकदा मीटरचा आकडा किंवा फोटो असतो. डिपॉझिट परत देताना तो कागद लागतो म्हणून एजंट तो जपून ठेवतात. एक ईमेल टाकून मागा. तुमच्या जुन्या फोनमधले जून २०२३ चे फोटोही चाळा. सोबत जुन्या कंपनीकडून खात्याचं पूर्ण विवरण मागा: शेवटचं रीडिंग अंदाजे होतं की प्रत्यक्ष, बिल कधी काढलं, डिफॉल्टची पूर्वसूचना कधी आणि कुठल्या पत्त्यावर पाठवली. डिफॉल्ट नोंदवण्याआधी कंपनीने किमान २८ दिवसांची सूचना द्यायची असते. हे सगळं तुमच्याबद्दलचीच माहिती म्हणून फुकट मागता येतं आणि एका महिन्यात द्यावं लागतं. ईमेलमध्ये 'सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट' हे शब्द लिहा, म्हणजे ते योग्य टेबलावर जातं.

आकडा चुकीचा निघाला तर लेखी तक्रार करा आणि तिला 'फॉर्मल कम्प्लेंट' असंच म्हणा. नुसती चौकशी म्हणून लिहिलंत, तर तक्रारीचं घड्याळ सुरूच होत नाही. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधी कंपनीने 'डेडलॉक' पत्र देऊन हात वर केले, की एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि तुम्ही निर्णय मान्य केलात तर तो कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला मात्र मान्य करण्याची सक्ती नसते. मागणी स्पष्ट करा: बिल खऱ्या रीडिंगवर आणा, आणि डिफॉल्टची सूचनाच चुकीच्या रकमेची होती म्हणून ती नोंद काढा. ही बाकी वसुलीवाल्यांकडे गेली असेल, तर त्यांनाही त्याच दिवशी कळवा, की रक्कम वादात आहे.

आकडा बरोबर निघाला तर? मग भरून टाका. एक गोष्ट मनाला लागेल, पण सांगायला हवी. घर बदलल्यावर नवा पत्ता कंपनीला कळवला नसेल, तर पत्रं जुन्या दारात पडली यात कंपनीची चूक धरली जात नाही. खातं तुमच्या एकटीच्या नावावर होतं, म्हणून कंपनी मैत्रिणींना विचारणार नाही. त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्याकडून घेणं हा तुमच्या तिघींचा हिशोब आहे. आणि तो जरूर मागा, संकोच करू नका. पूर्ण रक्कम भरली की नोंद 'सॅटिस्फाइड' होते. ती पुसली जात नाही, डिफॉल्टच्या तारखेपासून सहा वर्षं, म्हणजे जानेवारी २०३० पर्यंत दिसेल, पण भरलेलं आणि न भरलेलं यांत बघणारा फरक करतो. वसुलीवाले 'निम्मे द्या, मिटवू' म्हणाले तर लक्षात ठेवा, की तसं केल्यावर नोंद 'पार्शली सेटल्ड' अशी राहते. आणि पैसे घेऊन रिपोर्ट 'साफ करून देतो' म्हणणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नका. बरोबर नोंद कोणालाच काढता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट काढून घेऊ शकता.

या सगळ्याआधी तिन्ही संस्थांचे रिपोर्ट मागवा. कायद्याने ते मोफत मिळतात. स्कोअरचा आकडा बघून घाबरू नका, खालच्या ओळी वाचा. आपल्या लोकांच्या रिपोर्टवर दोन गोष्टी वारंवार अडतात, आणि दोन्हींचा पैशाशी काही संबंध नाही. पहिली म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. बँकेत माहेरचं आडनाव, नोकरीत सासरचं, फोनच्या करारावर मधलंच नाव आडनाव म्हणून. यंत्राला ही तीन माणसं वाटतात आणि तुमचा नियमित भरणा तीन ठिकाणी विखुरतो. फोन, बँक, कौन्सिल टॅक्स आणि वीज, सगळीकडे एकच नाव आणि पत्ता एकाच पद्धतीने लिहा. 'फ्लॅट २' आणि 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट' हेसुद्धा यंत्राला वेगळे पत्ते वाटतात.

दुसरी म्हणजे मतदार यादी. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून, इथे कायदेशीर राहत असतील तर इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतात. व्हिसावर असलात तरी. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी ठेवून ऑनलाइन अर्ज केला तर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. तुमचा पत्ता पक्का असल्याचा हा सगळ्यात साधा पुरावा, आणि क्रेडिट तपासणीत तो बघितला जातो. भारतातला सिबिल स्कोअर ८०० असला तरी इथल्या वीज कंपनीला तो दिसत नाही.

यावरून यजमानांच्या प्रश्नाकडे. घरात राहणारा कोणीही प्रौढ माणूस खातेदार होऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण दोन गोष्टींचा विचार करा. त्यांना येऊन वर्षच झालंय, म्हणजे त्यांचा रिपोर्ट खराब नसला तरी जवळजवळ कोरा आहे, आणि कोऱ्या पाटीवरही कंपनी ठेव मागते. दुसरं, आत्ताच्या कंपनीची बाकी ठेवून, तेच कुटुंब तिथेच राहत असताना फक्त नाव बदललं, तर ते देणं टाळण्यासाठी केलं असं दिसतं. बाकी भरून, नव्या कंपनीकडे खरी माहिती देऊन त्यांच्या नावाने अर्ज करायचा तर करा. मात्र त्याआधी त्यांचं नाव मतदार यादीत घाला आणि तिथे नोंद झाल्यावर अर्ज करा. तुमचा विश्वास फक्त डाग लपवण्यावर असेल, तर हा मार्ग तोकडा पडेल.

आता पैशांचा खरा प्रश्न. तुम्हाला वाटतंय, की कंपनी बदलली की बिल उतरेल. तुम्ही जास्त पैसे देताय हे खरं, पण त्याचं मोठं कारण कंपनी नाही, भरण्याची पद्धत आहे. बिल आल्यावर हाताने भरणं ही इथली सगळ्यात महाग पद्धत. ऑफजेम दर तीन महिन्यांनी दराची कमाल मर्यादा ठरवतं आणि ती पद्धतीनुसार वेगळी असते. उदाहरणादाखल २०२४ ची ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाही घ्या. सर्वसाधारण वापराच्या घराला वर्षाच्या हिशोबाने डायरेक्ट डेबिटवर (बँकेतून ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापून घेणं) १७१७ पौंड, बिल आल्यावर भरल्यास १८२९ आणि प्रीपेमेंटवर १६६९. आकडे दर तिमाहीला हलतात, पण क्रम हाच राहिला आहे. म्हणजे आत्ताच्याच कंपनीत, कोणतीही क्रेडिट तपासणी न होता, डायरेक्ट डेबिट सुरू केलंत तर वर्षाला शंभर पौंडांच्या आसपास वाचायला सुरुवात होते. कंपनी बदलून दुसऱ्या साध्या बदलत्या दरावर गेलात, तर तेवढंही वाचणार नाही, कारण बहुतेक कंपन्या मर्यादेला चिकटूनच असतात. खरी बचत फिक्स्ड दरात असते.

म्हणून माझं मत असं, की १४० पौंड भरा, आत्ताच्या कंपनीत डायरेक्ट डेबिट लावा, आणि त्याच फोनवर विचारा, की सध्याच्या ग्राहकाला कोणता फिक्स्ड दर मिळतो आणि त्यासाठी नव्याने तपासणी होते का. आधीपासूनच्या ग्राहकाला पुष्कळदा ती लागत नाही. डेबिटची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. एक डेबिट परत गेलं, की मिळालेली सवलत जाऊ शकते आणि रिपोर्टवर आणखी एक काळी ओळ येऊ शकते. महिन्याची रक्कम कंपनी ठरवेल ती निमूट घेऊ नका. ती वर्षाच्या वापराला बाराने भागून आली आहे का ते विचारा, आणि तो वापर तुमचा आहे की आधीच्या भाडेकरूचा, हेही.

तरीही दुसरीकडे जायचंच असेल, तर तुलना करताना बिलाचे पौंड नव्हे, वर्षभरात वापरलेले युनिट धरा. ते बिलावर लिहिलेले असतात. नुसता दर बघितल्याने रिपोर्टवर काही उमटत नाही, प्रत्यक्ष अर्जाने उमटू शकतं. अर्ज करण्याआधी चॅटवर एवढंच विचारा, की ही तपासणी सॉफ्ट सर्च (इतर कंपन्यांना न दिसणारी) आहे की हार्ड सर्च. हार्ड सर्च किमान वर्षभर इतरांना दिसतो. एका नकारानंतर त्याच आठवड्यात चार कंपन्यांकडे धावणं ही माणसाची साहजिक प्रतिक्रिया आहे, पण पाचव्या कंपनीला ती धावपळच दिसते.

ठेवीच्या अटीने तुम्ही इतक्या दुखावल्या आहात म्हणून सांगते. तुमच्या वडिलांच्या एमएसईबीत प्रत्येक ग्राहकाकडून सुरक्षा ठेव घ्यायचे, महावितरण आजही घेतं, आणि तिथे कोणी ती चारित्र्याचा दाखला मानत नाही. इथेही तशीच बघा. रक्कम वाजवी असली पाहिजे असा नियम आहे, तेव्हा २५० चा आकडा कसा काढला ते लेखी मागा. वीज आणि गॅस दोन्ही मिळून, की एकेकाचे? दोन महिन्यांच्या वापरापेक्षा फार जास्त वाटली तर कमी करायला सांगा, सोबत डायरेक्ट डेबिटची तयारी दाखवा. बारा महिने प्रत्येक बिल मागणीपासून २८ दिवसांत भरलंत, तर ठेव चौदा दिवसांत परत द्यायची असते. मधेच कंपनी सोडलीत आणि बाकी नसेल, तर महिन्याभरात. ती तारीख आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. आपण मागितल्याशिवाय ती आपोआप येईल यावर विसंबू नका.

प्रीपेमेंटबद्दल तुमच्या मनात दोन गोष्टी असतील: ते महाग असतं आणि ते नामुष्कीचं असतं. पहिली आता खरी राहिलेली नाही, वरचे आकडे बघा. दुसरी तर कधीच खरी नव्हती. स्मार्ट मीटर असल्याने तुमचं मीटर बदलावंही लागणार नाही, कंपनी लांबूनच त्याची पद्धत बदलते, आणि टॉप-अप फोनवरून किंवा दुकानातून होतो. तरीही तुमच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही, आणि कारण पैशाचं नाही. पैसे संपले की आधी थोडी इमर्जन्सी क्रेडिट मिळते. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तुटत नाही. पण मंगळवारी सकाळी अकराला, तुम्ही वॉर्डात आणि बाळ घरी असताना, तो तुटू शकतो. टॉप-अप केल्यावरही गॅस बहुतेक वेळा आपोआप सुरू होत नाही, मीटरवर बटण दाबून तो पुन्हा चालू करावा लागतो. इंग्रजी न येणाऱ्या, नवख्या सासूबाईंकडून ते जानेवारीच्या थंडीत होईल का, याचा विचार करा. दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात प्रीपेमेंट जबरदस्तीने बसवायला कंपन्यांना २०२३ पासून मनाई आहे, ती याच काळजीपोटी. स्वतःहून घ्यायला मनाई नाही.

ज्या वाचकांकडे प्रीपेमेंट आहेच, त्यांनी उन्हाळ्यातल्या गॅसकडे लक्ष द्या. घोटाळा नेहमी तिथेच होतो. शॉवर आणि शेगडी विजेची असेल तर मे ते सप्टेंबर गॅस वापरला जात नाही, म्हणून कोणी टॉप-अप करत नाही. पण रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा ठरावीक आकार) चालूच असतो. दिवसाला ३० पेन्स धरले तरी १५३ दिवसांचे जवळपास ४६ पौंड उधार चढतात. मग ऑक्टोबरच्या पहिल्या थंड संध्याकाळी २० पौंड भरले जातात आणि ते मीटर गिळून टाकतं, हीटिंग सुरूच होत नाही. माणसाला वाटतं मीटर बिघडलं. उन्हाळ्यात दर महिन्याला दहा पौंड टाकत राहिलं की हे होत नाही. आणि जुन्या किल्ली किंवा कार्डाच्या मीटरच्या घरात नव्याने राहायला जात असाल, तर आधीच्या माणसाची किल्ली वापरू नका. तिच्यावर त्याचं कर्ज चढवलेलं असेल तर तुमच्या टॉप-अपमधून ते फिटत राहतं. कंपनीला फोन करून नवी किल्ली मागा, ती मिळेपर्यंत काय करायचं ते तेच सांगतात.

पत्रातल्या परिस्थितीहून ज्यांची बाकी मोठी आहे, त्यांच्यासाठी थोडं. प्रीपेमेंटवर असाल आणि आत्ताच्या कंपनीची बाकी वीज व गॅस प्रत्येकी ५०० पौंडांपर्यंत असेल, तर बाकीसकट दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं, देणं तिकडे हस्तांतरित होतं. साध्या मीटरवर मात्र आधी फेडावं लागतं. त्यासाठी हप्ते मागा, आणि हप्ता तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवणं कंपनीला बंधनकारक आहे. हप्ता सांगताना घरखर्चाचा लेखी तक्ता द्या. फोनवर घाईत कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात मोडतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. क्रेडिट कार्ड, कौन्सिल टॅक्स सगळीकडेच देणी झाली असतील तर सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंज या मोफत कर्जसल्ला देणाऱ्या संस्थांशी बोला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांच्यामार्फत ६० दिवसांची 'ब्रीदिंग स्पेस' मिळू शकते. त्या काळात व्याज आणि तगादा थांबतो, चालू बिलं मात्र भरत राहावी लागतात. व्हिसावर सरकारी निधी न घेण्याची अट असली तरी कर्जसल्ला, ओम्बड्समन आणि प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर (जास्त मदत लागणाऱ्या घरांची वीज-गॅस कंपनीकडची यादी) यांना ती लागू नाही. त्या रजिस्टरमध्ये पाच वर्षांखालचं मूल आणि वृद्ध असलेल्या घरांची नोंद होते. ताई, तुमचं नाव तिथे आजच घाला.

राहिलं घरमालकाचं. बिल तुम्ही भरता, तेव्हा कंपनी निवडण्याचा हक्क तुमचा आहे. करारात अमुकच कंपनी असावी असं लिहिलं असेल, तर एक सौजन्याचा ईमेल पुरे. आत्ताचा करार फिक्स्ड नसल्याने सोडण्याचा दंड नाही. फिक्स्ड असलेल्यांनाही शेवटच्या ४९ दिवसांत तो लावता येत नाही.

बदल प्रत्यक्ष व्हायला पाच कामकाजाचे दिवस लागतात आणि सही केल्यापासून चौदा दिवसांत मन बदलता येतं. बदलाच्या दिवशी स्मार्ट मीटर असलं तरी दोन्ही मीटरचे फोटो काढा, कारण नवी कंपनी जोडली जाताना मीटर कधी कधी रीडिंग पाठवेनासं होतं आणि बिल पुन्हा अंदाजावर जातं. गॅसच्या मीटरवर घनमीटर लिहिलंय की घनफूट, तेही फोटोत येऊ द्या. घनमीटरचं मीटर कंपनीच्या नोंदीत घनफुटाचं म्हणून लागलं, तर बिल २.८३ पटीने फुगतं. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट, एवढा गुणाकार करून पहिलं बिल ताडून बघा. विजेच्या बिलावरचा तेरा आकडी एमपॅन नंबर (तुमच्या घराच्या वीजजोडणीचा क्रमांक) अर्जात नीट जुळवा, विशेषतः एका घराचे दोन फ्लॅट केलेले असतील तर. नाहीतर शेजाऱ्याचं मीटर तुमच्या नावावर यायचं. शेवटचं बिल जुन्या कंपनीने सहा आठवड्यांत द्यायचं असतं. ते आलं नाही, तर या वेळी वाट पाहू नका, तुम्हीच मागा. आणि पुन्हा घर बदललंत, तर निघण्याच्या दिवशी कंपनीला तीन गोष्टी ईमेलने पाठवा: तारीख, मीटरचा फोटो आणि नवा पत्ता.